बस कुठून जाते ते पुरे, माणूस कुठवर पोचतो ते मोजा : नागपूरच्या बस-मेट्रोचं प्लॅनिंग करणाऱ्यांना खुलं पत्र

नागपूरची शहर बस आणि मेट्रो कुठून, किती वाजता आणि किती वेळा धावेल हे ठरवणारे सगळे अधिकारी, इंजिनिअर, कन्सल्टंट आणि लोकप्रतिनिधी यांना,

नमस्कार. पत्र लांब होणार आहे, पण वेळ काढून शेवटपर्यंत वाचा ही विनंती. मी मानेवाडा रोडच्या बाजूला राहते, नोकरीत नकाशांचंच काम करते, आणि सुटीच्या दिवशी आम्ही काही जण ओपनस्ट्रीटमॅपवर नागपूरचे बस स्टॉप, गल्ल्या, पायवाटा टाकत असतो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेला नकाशा आहे, कोणीही वापरा, कोणीही दुरुस्त करा, पैसे लागत नाहीत. त्यावर काम करता करता शहराबद्दल जे दिसून राहिलं ते तुमच्या टेबलापर्यंत पोचावं म्हणून लिहितेय.

मुद्दा एकच आहे. बससेवा कशी आहे असं विचारलं की उत्तर येतं बस किती, रूट किती, स्टॉप किती, रोजचे किलोमीटर किती. हा सगळा डेपोच्या बाजूनं केलेला हिशेब झाला. हुडकेश्वरला आतल्या ले-आउटमध्ये राहणाऱ्या बाईला सकाळी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, ओपीडीत नंबर लावायचाय, ती घराचं दार लावून निघाल्यापासून किती वेळात तिथे पोचते, आणि नऊच्या ऐवजी अकराला निघाली तर किती वेळ लागतो, हे त्या हिशेबात कुठेच सापडत नाही. पण ते काढता येतं, अगदी चौकाचौकाचं काढता येतं, त्याला लागणारा नकाशा फुकट आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे, करायला माणसं आहेत, फक्त तुमच्याकडे असलेला डेटा लागतो. तो द्या, आणि यापुढे रूट ठरवताना हे मोजमाप समोर ठेवा, एवढंच मागणं आहे. बाकी सगळं पत्र म्हणजे हे का म्हणतेय त्याचं कारण.

केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं शहरी वाहतुकीसाठी सर्व्हिस लेव्हल बेंचमार्क, म्हणजे सेवा किती चांगली ते मोजायचे निकष, ठरवून दिलेत, ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. दर हजार माणसांमागे ०.६ किंवा जास्त बस असल्या तर पहिला दर्जा. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांच्या वर होतं, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येलासुद्धा १४०० च्या वर बस पाहिजेत, आपल्याकडे तेवढ्या नाहीत हे स्टॉपवर उभा असलेला कोणीही सांगेल, आणि त्या एका वर्षात येणार नाहीत हेही आम्हाला कळतं. मला जास्त खटकतो तो कव्हरेजचा निकष. त्यात मोजतात काय, तर शहराच्या एका चौरस किलोमीटरमागे बस जाते असा रस्ता किती किलोमीटर, आणि १ किंवा जास्त भरला की पहिला दर्जा. नागपूर साधारण सव्वादोनशे चौरस किलोमीटर, म्हणजे तेवढ्याच किलोमीटरच्या रस्त्यांवर बस फिरली की कागदावर आपण उत्तम, मग त्या रस्त्यावर दिवसातून दोनच फेऱ्या का असेनात, आणि तो रस्ता दाट वस्तीतून जातो की मोकळ्या प्लॉटांमधून, तेही विचारलेलं नाही.

वाट बघण्याच्या वेळेचा निकष वेगळा आहे, सरासरी ४ मिनिटांपर्यंत सगळ्यात चांगलं आणि १० च्या वर गेलं की शेवटचा दर्जा. चांगला आहे, पण शहराचा मिळून एकच आकडा काढला की बर्डीवरचा, म्हणजे शहराच्या मध्यावरच्या सीताबर्डीचा माणूस आणि पार टोकाच्या नरसाळ्याचा माणूस एकाच सरासरीत गुडुप होतात. संयुक्त राष्ट्रांचा शाश्वत विकासाचा ११.२.१ नंबरचा निर्देशांक त्यातल्या त्यात बरा, तो निदान माणसं मोजतो: बस स्टॉपपासून ५०० मीटर किंवा मेट्रो-रेल्वेपासून १ किलोमीटरच्या आत किती टक्के लोक राहतात. पण तोही स्टॉपपर्यंत येऊन थांबतो. स्टॉपवर पोचल्यावर पुढे बस येते का, आणि आली तर जिथे जायचंय तिथे नेते का, हा प्रश्न उरतोच.

आता ते ५०० मीटर किंवा १ किलोमीटर मोजायचे कसे. प्रेझेंटेशनमध्ये नेहमी स्टॉपभोवती गोल काढलेले असतात आणि गोलात आलं ते घर कव्हर झालं असं धरतात. माणूस हवेतून जात नाही ना, तो गल्लीनं जातो, पुलावरून जातो. नागपुरात हा फरक फार मोठा पडतो कारण मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही रेल्वे लाइन शहराच्या पोटातून जातात, वरून नाग नदी आणि नाले. काँग्रेसनगर आणि रहाटे कॉलनीच्या मेट्रो स्टेशनभोवती १ किलोमीटरचा गोल काढून बघा, तो रुळांच्या पलीकडे, मेडिकलच्या बाजूच्या वस्तीतही शिरतो. नकाशावर ती घरं मेट्रोच्या जवळ. चालून जायचं म्हटलं की पुलाकडे वळसा घाला, पुलावर गाड्यांच्या अंगाला अंग लावून चाला, मग परत मागे या. ओपनस्ट्रीटमॅपवर गल्ल्या, पूल, पायवाटा जोडलेल्या असतात त्यामुळे कॉम्प्युटर गोल न काढता खरा चालायचा रस्ता धरून अंतर काढतो, आणि मग गोलात दिसणारी कितीतरी घरं बाहेर पडतात. हे दुरुस्त करायला नवीन मेट्रो लागत नाही, काही ठिकाणी एक पायी पूल किंवा भिंतीतलं एक गेट पुरतं, पण ते कुठे पाहिजे हे गोलात कधीच दिसत नाही.

स्टॉपचं लोकेशन हा तर स्वतंत्र विषय आहे आणि इथे जरा थांबते, कारण बारीक वाटलं तरी सगळं गणित यावर उभं आहे. आमच्या भागातला एक स्टॉप बघा. बर्डीकडे जाणाऱ्या बाजूला शेड आहे, बाक आहे, पाटी आहे. परतीची बस थांबते ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, बरीच पुढे, एका कडुनिंबाखाली, तिथे ना शेड ना पाटी, रोजचा माणूस असेल त्यालाच माहीत, नवीन माणूस शेजारच्या पानठेल्यावर विचारतो. मध्ये डिव्हायडर, त्यावर जाळी, आणि कट आणखी पुढच्या चौकात. यादीत मात्र दोन्हींचं नाव एक आणि अक्षांश-रेखांशही एकच, आणि तो पॉइंट पडतो बरोबर डिव्हायडरवर. सॉफ्टवेअरला तो पॉइंट दिला की ते धरून चालतं की दोन्ही बाजूची माणसं सारख्याच वेळात पोचतात आणि रस्ता ओलांडायला शून्य मिनिटं लागतात. आम्ही ते दोन वेगळे पॉइंट केले, एकाला शेड आहे असं लिहिलं, दुसऱ्याला शेड नाही, बाक नाही, पाटी नाही असं लिहिलं. त्या दिवशी निंबाखाली एक मावशी उभ्या होत्या, हातात डब्याची पिशवी, मला मोबाइल घेऊन फिरताना बघून म्हणाल्या, "बस येऊन राहिली का जी?" त्यांना वाटलं मी बसवालीच आहे. ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तिथे दुपारी दोनला शेडखालचे दहा मिनिटं आणि उन्हातले दहा मिनिटं एकच कसे धरायचे? नकाशात शेड आणि बाक नोंदवायची सोय आहे, ती वापरा, उन्हाळ्यात कोणते स्टॉप आधी झाकायचे याची यादी त्यातूनच निघेल.

आता डेटा म्हणजे नेमकं काय मागतेय. जीटीएफएस नावाचा एक साचा आहे, २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची बस-रेल्वे चालवणारी ट्रायमेट आणि गुगल यांनी मिळून सुरू केला आणि आता जगभर तोच चालतो. त्यात काही जगावेगळं नाही, साध्या टेक्स्ट फाइलींचा गठ्ठा असतो, एकीत स्टॉप आणि त्यांचं लोकेशन, एकीत रूट, एकीत फेऱ्या, एकीत प्रत्येक फेरी प्रत्येक स्टॉपवर किती वाजता, एकीत कोणत्या वारी चालते आणि कोणत्या नाही, एकीत बस रस्त्यावरून कशी वळते ती रेघ. ही फाइल आणि ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा ओपनट्रिपप्लॅनरसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घातला की एखादा चौक निवडायचा, मंगळवार सकाळचे ८ टाकायचे, ४५ मिनिटं टाकायची, आणि चालणं, वाट बघणं, बस, बर्डीला उतरून बदलणं सगळं धरून माणूस कुठवर जाऊ शकतो तेवढा भाग निघतो, तो क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रंगवून बघायचा. याला आयसोक्रोन म्हणतात. मग त्या रंगलेल्या भागात काय काय येतं ते बघायचं: मेडिकल येतं का, मेयो हा दुसरा सरकारी दवाखाना येतो का, कॉलेज, कळमना मार्केट, हिंगणा एमआयडीसी, विमानतळाजवळचं मिहान, गणेशपेठचा एसटी स्टँड.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. त्याच चौकाचा नकाशा दुपारी २ चा काढा, रात्री साडेनऊचा काढा, रविवारचा काढा. शेवटच्या फेरीनंतर तो रंगलेला भाग आटत आटत घराभोवतीच्या दोन-चार गल्ल्यांवर येतो. दुसऱ्या पाळीतून सुटलेला कामगार, दुकान बंद करून निघालेली सेल्सगर्ल, पेशंटजवळ बसून रात्री घरी चाललेला नातेवाईक, यांच्यासाठी शहर म्हणजे तो आटलेला नकाशा. स्टॉपच्या यादीत काही फरक पडत नाही, सकाळी जेवढे स्टॉप तेवढेच रात्री.

मेट्रोचंही याच नजरेनं बघा. ११ डिसेंबर २०२२ पासून पहिल्या टप्प्याच्या दोन्ही लाइन पूर्ण सुरू झाल्या, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर, बर्डीवर फुली. त्या फुलीमुळे शहराचे चार तुकडे पडतात आणि दक्षिण-पूर्वेचा तुकडा, म्हणजे सक्करदरा, नंदनवन, दिघोरी, मानेवाडा, हुडकेश्वर, नरसाळा, हा जवळजवळ पूर्ण बसच्या भरवशावर आहे. इथल्या माणसाला मेट्रोचा फायदा तेव्हाच, जेव्हा बस त्याला बर्डीला किंवा वर्धा रोडच्या स्टेशनवर वेळेत सोडते आणि तिथे पुढची गाडी लगेच मिळते. म्हणून बस आणि मेट्रो वेगवेगळ्या फाइलीत ठेवून चालणार नाही, दोन्ही वेळापत्रकं एकाच नकाशावर बसवा तेव्हा कळतं की बदलताना किती मिनिटं वाया चालली. दुसरा टप्पा ४३.८ किलोमीटरचा मंजूर आहे, बुटीबोरी, कन्हान, हिंगणा, कापसीकडे जाणार आहे, त्याच्या प्रत्येक स्टेशनला फीडर बस, म्हणजे वस्तीतून स्टेशनपर्यंत आणणारी बस, कुठून पाहिजे हे आज घरी बसून करून बघता येतं, स्टेशनचं उद्घाटन झाल्यावर शोधाशोध कशाला.

वेळापत्रक झालं, पण वेळापत्रक आणि रस्ता यात अंतर असतं हे तुम्हीही मान्य कराल. त्यासाठी बसमधलं जीपीएस आहे. एआयएस १४० च्या नियमाखाली सार्वजनिक वाहनांत लोकेशनचं यंत्र आणि पॅनिक बटण लागतं, म्हणजे बस कुठे आहे ही माहिती तयार होतच असते, कुठल्यातरी सर्व्हरवर जाऊन पडते. ती कशाला पाहिजे ते एका छोट्या हिशेबात सांगते. समजा तासाला चार बस आहेत आणि बरोबर १५ मिनिटांनी एक येते, तर स्टॉपवर अचानक आलेल्या माणसाला सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागतं. आता त्याच चार बस जोडीजोडीनं आल्या, एक आणि तिच्यामागे दोन मिनिटांनी दुसरी, मग २८ मिनिटं काहीच नाही, परत जोडी. सरासरी वाट १३ मिनिटांच्या पुढे जाते. बस तेवढ्याच, ड्रायव्हर-कंडक्टर तेवढेच, डिझेल तेवढंच, कागदावरच्या फेऱ्याही शंभर टक्के पूर्ण, आणि माणसाचा वेळ जवळपास दुप्पट. वरून जोडीतली पहिली खचाखच आणि मागची रिकामी. हे फेऱ्या मोजून कधीच कळत नाही, जीपीएसचे पॉइंट नकाशावर टाकले की कोणत्या चौकात जोड्या बनतात ते दिसतं. मग एखाद्या टोकाला टायमिंग सांभाळणारा माणूस उभा करायचा की सिग्नलचं बघायचं, ते ठरवता येतं. नवीन बस घेण्याच्या मानानं हे फार स्वस्तात पडणारं काम आहे.

एक गोष्ट मला फार तळमळीनं सांगायची आहे, ती तिकिटांच्या आकड्यांबद्दल. कंडक्टरच्या मशीनमधून कुठे किती तिकिटं फाटली हे निघतं आणि त्यावरून मागणी कुठे आहे ते ठरवतात. पण जिथे बसच जात नाही तिथे तिकीट फाटणार कुठून? त्या ले-आउटमधली माणसं शेअर ऑटोनं, ई-रिक्षानं जातात, तीन सीट बसून लिफ्ट मागून जातात, कर्ज काढून गाडी घेतात, पोरीला कॉलेज लांब पडतं म्हणून जवळच्या कुठल्याही कॉलेजात टाकतात. तुमच्या मशीनमध्ये यांचा आकडा शून्य. मग शून्य मागणी म्हणून रूट नाही, आणि रूट नाही म्हणून मागणी शून्य. हे चक्र तोडायचं तर माणसं कुठे राहतात हे वेगळीकडून आणावं लागेल. २०११ ची जनगणना जुनी झाली, त्यानंतर बेसा-बेलतरोडीकडे, हुडकेश्वर-नरसाळ्याकडे किती वस्ती वाढली ते सगळे डोळ्यांनी बघतोय, आणि पुढची जनगणना २०२७ ची. तोवर उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेले इमारतींचे नकाशे उघड्यावर उपलब्ध आहेत, शंभर मीटरच्या चौकटीत लोकसंख्येचा अंदाज देणारे डेटासेट आहेत. ते अचूक नाहीत, पण घरं कुठे आहेत आणि बस कुठे नाही हे दाखवायला पुरतात. आमच्या ओपनस्ट्रीटमॅपवरही बाहेरच्या ले-आउटमधल्या सगळ्या गल्ल्या अजून आलेल्या नाहीत, म्हणून तिथला नकाशा आधी भरायचा आणि मग मोजायचं, नाहीतर जो भाग आधीच मागे आहे तोच नकाशातही मागे राहील.

डेटा उघडा केला तर काही बिघडेल का, अशी शंका असेल तर दिल्लीकडे बघा. दिल्ली सरकारनं २०१८ मध्ये आयआयआयटी दिल्लीच्या मदतीनं ओपन ट्रान्झिट डेटाचं पोर्टल सुरू केलं, बस आत्ता कुठे आहे तेसुद्धा त्यावर दिलं. कोची मेट्रोनंही त्याच वर्षी आपलं वेळापत्रक जीटीएफएसमध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. प्रवाशांची कोणतीही खाजगी माहिती आम्हाला नको, कोणी कुठलं कार्ड टॅप केलं याच्याशी घेणंदेणं नाही, स्टॉपप्रमाणे आणि तासाप्रमाणे एकूण किती चढले एवढं पुरे.

तेव्हा मागणं असं आहे. बस आणि मेट्रो दोन्हींचं चालू वेळापत्रक जीटीएफएसमध्ये, एका ठरलेल्या जागी, कोणालाही डाउनलोड करता येईल असं ठेवा आणि रूट बदलला की त्याच आठवड्यात फाइल बदला, खाली तारीख लिहा. जुन्या फाइली पुसू नका, कारण मागच्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या फाइलीतला फरक हाच तर सेवा सुधारली की घसरली याचा पुरावा. जीपीएसचे किमान मागच्या काही महिन्यांचे पॉइंट द्या. आणि कोणताही रूट सुरू, बंद किंवा वळवायच्या आधी त्याचे आधीचे आणि नंतरचे पोच-नकाशे, म्हणजे वर सांगितलेले आयसोक्रोन, लोकांसमोर ठेवा, किती घरांना मेडिकल, कॉलेज, एमआयडीसी पाऊण तासात आलं आणि किती घरांच्या हातून गेलं, सकाळचं वेगळं आणि रात्रीचं वेगळं. यात कोणाचं तरी नुकसान होणारच, बस मर्यादित आहेत, तेवढं समजतं. पण कोणाचं झालं हे तरी आधी माहीत असावं, नंतर लोक निवेदन घेऊन आल्यावर कळू नये.

आमच्याकडून जे होईल ते करायला तयार आहोत. स्टॉपची यादी दिलीत तर एकेक स्टॉप जागेवर जाऊन, दोन्ही बाजूंचा वेगळा पॉइंट घेऊन, शेड-बाक-पाटी-लाइट नोंदवून परत देऊ, याचे पैसे नकोत. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतात, त्यांना हे शिकवायला आम्ही बसू. तुमच्या शेड्यूल सेक्शनमध्ये जे रोज ड्युटी लावतात त्यांच्यासोबत एक दिवस बसायला मिळालं तर फारच उत्तम, कारण कोणता स्टॉप कागदावर आहे आणि कोणता खरा, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. सुरुवात मानेवाडा-दिघोरी-हुडकेश्वर या पट्ट्यापासून करू असं सुचवते, कारण तिथे बसला पर्याय नाही आणि आमचे स्टॉप बऱ्यापैकी टाकून झालेत.

फाइल देताना एकच विनंती, स्कॅन केलेली पीडीएफ नको, एक्सेल किंवा सीएसव्ही द्या, आणि स्टॉपची नावं मराठीत असू द्या, म्हणजे पाटीवरचं नाव आणि नकाशावरचं नाव एकच राहील.

आपली,
मानेवाडा रोडवरची एक रोजची प्रवासी